लवटे सरांची गिरणी

आमच्या शाळेत नवा माणूस आला की व्हरांड्यातच थबकायचा आणि विचारायचा, "इथं जवळपास गिरणी आहे का हो?" गिरणी नव्हती. तो आवाज चौथीच्या वर्गातून यायचा, आश्रोबा लवटे सरांच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपचा. गावातल्या बायांना त्याची इतकी सवय झाली होती की शेताला जाताना त्या एकमेकींना म्हणायच्या, "चला बाई, गुर्जींची गिरणी चालू झाली, साडेदहा वाजले."

राणीसावरगावच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ते गाव लागतं. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, आणि आम्ही तीन शिक्षक. मुख्याध्यापक चाटे सर तिसरीला शिकवायचे, पहिली-दुसरी माझ्याकडं आणि चौथी लवटे सरांकडं. मी गंगाखेडहून यायचे. लवटे सर पालमकडच्या एका खेड्यातून मोटरसायकलवर यायचे. मी रुजू झाले तेव्हा त्यांची नोकरीची सात-आठ वर्षं उरली होती.

उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात लाल पेन, चष्मा आणि दाढीचा ब्रश. तो ब्रश खिशात पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, हे शाळेत येऊन दाढी करतात की काय. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. भाऊ अजून राखायचे. घरात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. त्याचा त्यांना गर्व नव्हता आणि संकोचही नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मेंढरं मला ऐकत न्हवती, म्हणून मास्तर झालो. आता पोरं ऐकत न्हाईत."

लॅपटॉप गावातल्याच एका नोकरदारानं शाळेला दिला होता. पुण्यात त्याच्या कंपनीनं जुने काढून टाकले, त्यातला एक. काळा, जड, एक बिजागरी ढिली. त्याच सुमारास वरून आदेश आला की ऑनलाइन माहितीसाठी प्रत्येक शाळेनं एक शिक्षक नेमावा. चाटे सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. माझं बाळ दीड वर्षाचं होतं आणि मी ते कारण लगेच पुढं केलं. खरं तर तिघांत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी एकटीच होते. लवटे सरांनी माझ्याकडं पाहिलं, चाटे सरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "द्या इकडं." पुढं कितीतरी कामं त्यांच्याकडं या दोन शब्दांवर गेली.

ते एका बोटानं टाइप करायचे. अक्षर सापडलं की डोळे बारीक करून दाबायचे, जणू ते पळून जाईल. पहिल्या दिवाळीनंतर लॅपटॉप इतका तापायला लागला की खालचा टेबलक्लॉथ पिवळा पडला. आतला पंखा जोरात फिरायचा, घरघर वाढत जायची आणि मग एकदम सगळं बंद. केलेली नोंद गेली. पुन्हा चालू करायचा, पुन्हा नाव, पुन्हा जन्मतारीख, आणि पुन्हा बंद.

शेवटी एका शनिवारी ते लॅपटॉप पिशवीत घालून दोन गाड्या बदलून परभणीला गेले. सोमवारी आले ते खिशात कागदाची पुडी घेऊनच. पुडी आमच्यासमोर उलगडली. आत बोटभर लांबीचा, करडा, नमद्यासारखा दाबून बसलेला एक तुकडा होता. दुकानदारानं पंख्यासमोरच्या जाळीतून तो चिमट्यानं ओढून काढला होता.

"ही लोकर आमच्या घरची," सर बोटानं दाखवत म्हणाले, "अन् हा पांढरा खडू शाळेचा. दोघांनी मिळून त्याचा दम कोंडला."

चाटे सर हसले, मीही हसले. सर मात्र खजील झाले होते. घरी ते बाजेवर घोंगडी टाकून त्यावर लॅपटॉप ठेवून काम करायचे. त्याला खालून हवा घ्यायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वस्तू शाळेची आणि बिघाड आपल्या घरचा, ही गोष्ट त्यांना बरेच दिवस लागून राहिली.

त्यानंतर दाढीचा ब्रश खिशात आला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मुलं सुटल्यावर, सर लॅपटॉप उलटा करायचे, मागचे स्क्रू काढून ओळीनं एका वाटीत ठेवायचे, पंख्याच्या पात्यात आगकाडी अडकवून ते धरायचे आणि ब्रशनं धूळ झाडायचे. काडी कशाला, असं मी एकदा विचारलं. फुंकर मारली की पंखा उलटसुलट गरागरा फिरतो आणि खराब होतो, असं दुकानदार म्हणाला होता. त्यानं एकदा सांगितलेलं सरांनी कधी चुकवलं नाही. टेबलावर त्यांनी शहाबादी फरशीचा एक तुकडा आणून ठेवला आणि फरशीवर खडूच्या दोन रिकाम्या पेट्या. पेट्यांवर लॅपटॉप. उन्हाळ्यात सकाळी ती फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, पुरती वाळू द्यायची आणि मगच मशीन चालू करायची.

तापणं कमी झालं, आवाज काही कमी झाला नाही. पंखाच झिजला होता. इतक्या जुन्या मॉडेलचा नवा पंखा मिळत नाही, असं दुकानदारानं सांगून टाकलं. सर म्हणाले, "ओरडू द्या. काम करायलंय न्हवं?"

त्यांचं एक वाक्य होतं. "थंड होऊ द्या, मग बोलू." लॅपटॉप बंद पडला की म्हणायचे, आणि माणसं तापली तरी हेच म्हणायचे. एकदा एक बाप शाळेत आला तो ओरडतच आला. मुलाच्या आधारवर एक नाव, शाळेच्या नोंदीत दुसरं, त्यामुळं कसला तरी दाखला अडला होता. दारातूनच त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. सरांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लॅपटॉप बंद केला. म्हणाले, "दोघंबी तापलाव. थंड होऊ द्या, मग बोलू." मग दहा मिनिटं तो माणूस घाम पुसत बसला, सर वह्या तपासत बसले. नंतर अर्ध्या तासात नाव दुरुस्त झालं. जाताना तो जरा ओशाळून म्हणाला, "गुर्जी, तुमी थकत न्हाई का?"

"थकतो की," सर म्हणाले. "पण ते कुठं भरायचं, त्याचा रकाना न्हाई."

ते वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला.

कामं वाढतच गेली. किती मुलांनी खिचडी खाल्ली, किती मुलांनी हात धुतले, लावलेल्या झाडांपैकी किती जगली, फोटोसह. एक माहिती भरून झाली की तीच दुसऱ्या नमुन्यात. लवटे सरांना जमतं हे कळल्यावर शेजारच्या दोन शाळांचे शिक्षकही कागद घेऊन यायला लागले. "सर, तेवढं आमचंही बघा ना." सर म्हणायचे, "द्या इकडं." वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा शाळेत आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, घरी बी तेच घेऊन बसायलेत. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत न्हाईत. तुमी काय तरी सांगा." मी हो म्हणाले आणि काही सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर सर म्हणाले असते, मग घ्या तुम्ही. म्हणजे ते म्हणाले नसते, पण मला तशी भीती होती.

वर्गात ते असायचे, पण डोळे पडद्यावर. मुलं एकेक करून टेबलाशी येऊन धडा वाचायची. लॅपटॉपची घरघर चालू, सरांचं बोट अक्षरं शोधतंय, आणि मूल थांबलं की सर मान हलवून म्हणायचे, "छान. पुढचा." माझा वर्ग भिंतीपलीकडं. मला गिरणी ऐकू यायची, वाचन कधी ऐकू यायचं नाही. त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

मग संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पूजाची आई आली.

पूजा चौथीत होती. आई संगीता दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. बाई कधी शाळेत यायची नाही, पालकसभेलाही नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आली आणि दारात चप्पल काढून उभी राहिली. मी तेव्हा हजेरीचं पत्रक द्यायला चौथीच्या वर्गात गेले होते. सरांनी तिला आत बोलावलं. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं जे झालं ते सांगितलं.

आदल्या दिवशी मायलेकी गंगाखेडला गेल्या होत्या. तिथून पालमला जायचं होतं, तिची बहीण बाळंत झाली होती म्हणून. स्टँडवर गाड्या लागलेल्या. तिला वाचता येत नाही, पण लेक बरोबर होती, म्हणून ती निश्चिंत होती. लेकीला म्हणाली, पाटी वाच. लेक म्हणाली, पालम. दोघी बसल्या. मागं गर्दीत जागा मिळाली. कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचला तोवर गाडी बरीच पुढं गेली होती. ती परळीची गाडी होती. त्यानं त्यांना वाटेत उतरवलं. परतीची गाडी मिळेपर्यंत दोघी दोन तास उन्हात उभ्या होत्या.

"हिनं प बघितला अन् पालम म्हणली," संगीता म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "गुर्जी, माझी लेक चौथीत हाय. तुमी दर साली पास केलं. तिला वाचता येत न्हाई."

लॅपटॉप चालूच होता. सरांनी पूजाला हाक मारली. ती खिचडीचं ताट ठेवून, हात धुऊन आली. सरांनी तिच्यापुढं पुस्तक उघडलं. तिनं बोट ठेवलं आणि ओठ हलायला लागले. सर पुढं झुकले. मीही झुकले. काही ऐकू येईना. सर आणखी झुकले, कान तिच्या तोंडाजवळ नेला. मग एकदम सरळ झाले आणि त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. अर्धी भरलेली माहिती तशीच गेली. पंखा हळूहळू थांबला.

त्या वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पूजाचा आवाज आता स्वच्छ येत होता. ती धडा म्हणत होती, पाठ केलेला, मैत्रिणींच्या तोंडून ऐकलेला. बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. सरांनी हळूच पान उलटलं. ती थांबली. पुढच्या पानावरचं तिला काहीच येत नव्हतं. तिनं आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील. ते म्हणाले, "संगीताबाई, चूक माझी हाय. पोरीची न्हाई. मला हे ऐकूच येत न्हवतं."

संगीता म्हणाली, "आता कसं करावं मग?"

"मार्च-एप्रिलपतुर बघा," सर म्हणाले. "तवर तिला कुठं नेऊ नका. रोज धाडा."

ती गेली. सुट्टी संपल्यावर सरांनी सगळ्या वर्गाला एकेक करून वाचायला लावलं, शांततेत. एकोणीस मुलांपैकी सहा जणांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि ती फरशी कपाटात ठेवली आणि किल्ली चाटे सरांच्या टेबलावर आणून ठेवली. चाटे सरांना वाटलं, मशीन पुन्हा बिघडलं.

"बिघडलं न्हाई," सर म्हणाले. "माझ्या पोरांना वाचता येईपतुर मी ते उघडणार न्हाई."

पहिला आठवडा बरा गेला. मग तालुक्याहून फोन सुरू झाले. आमची शाळा यादीत लाल रंगात दिसायला लागली. शेजारच्या शाळांचे शिक्षक कागद घेऊन आले आणि तसेच परत गेले. त्यातला एक तर जाताना मला म्हणाला, सरांचं डोकं फिरलं का. सर सकाळी दहाला यायचे आणि त्या सहा मुलांना पुढ्यात घेऊन बसायचे. फळ्यावर एक अक्षर, त्याला काना, त्याला मात्रा. कधी गावात नेऊन दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे. ते ओरडत नव्हते, विशेष हसतही नव्हते. दुपारी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायचे आणि डोळे मिटूनच म्हणायचे, "वाच. ऐकायलोय मी."

तीन आठवड्यांनी नोटीस आली. माहिती वेळेत का भरली नाही, खुलासा करावा. चाटे सर भला माणूस. त्यांनी स्वतःच खुलासा लिहून आणला होता. लॅपटॉप जुना असून अतिशय तापतो, मोठा आवाज करतो व आपोआप बंद पडतो, त्यामुळं माहिती भरता आली नाही. सरांनी फक्त सही करायची होती. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळ्या गावानं साक्ष दिली असती.

सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि परत दिला. "मशीन चालू हाय, सर. मीच बंद केलंय."

"अहो, रिटायरमेंट चार महिन्यांवर आली तुमची," चाटे सर काकुळतीला येऊन म्हणाले. "कशाला सर्व्हिस बुकात डाग घेता? लॅपटॉपवर ढकला. त्याला काय होणारे?"

"सात वर्षं त्याच्यावरच ढकलत आलो," सर म्हणाले. "आवाज लय हाय, म्हणून ऐकू येत न्हाई. गरम हाय, म्हणून वेळ लागतो. पोरांचं बी त्याच्यावरच ढकललं. आता न्हाई."

त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळींचा खुलासा लिहिला. माझ्या वर्गातील सहा विद्यार्थ्यांना वाचता येत नसल्याने मी ऑनलाइन काम थांबवले आहे. ही जबाबदारी माझी आहे. खाली सही. लिहून झाल्यावर ते उठले नाहीत. हात टेबलावर ठेवून तसेच बसून राहिले. मला ते एकाएकी फार म्हातारे दिसले.

त्या दिवशी मी चाटे सरांकडून कपाटाची किल्ली घेतली. माझं बाळ आता दुसरीत होतं. हे शब्द मला सात वर्षं आधी म्हणता आले असते, पण म्हटले तेव्हाच. "सर, द्या, मी करते."

लवटे सरांनी मला शनिवारी बसवून सगळं दाखवलं. कोणता स्क्रू लांब, कोणता आखूड. काडी कुठं अडकवायची. जाळीतली धूळ कोणत्या बाजूनं झाडायची. शेवटी म्हणाले, "एकच सांगतो, मॅडम. वर्गात चालू करू नका." मी अजून करत नाही. शाळा सुटल्यावर ऑफिसात बसते आणि घरी जायला उशीर होतो. तापलेल्या मशीनच्या वासानं डोकं दुखतं. सर हे सगळं कसं करत होते, असा विचार येतो, आणि मग असं वाटतं की ते करत होते कारण मी करत नव्हते.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. सर्व्हिस बुकात नोंद झाली. त्यावर ते पुढं कधी बोलले नाहीत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संगीता पुन्हा आली. सरांनीच बोलावलं होतं. पूजाला मध्ये उभं केलं आणि चाटे सरांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं. कोणतं पान, तिनं ठरवायचं. तिनं पावसाच्या अंदाजाची एक छोटी बातमी निवडली. बोट ठेवून, एकेक शब्द फोडत वाचली. 'मराठवाड्यात' हा शब्द तिला तीन झटक्यांत जमला. 'आर्द्रता'पाशी अडली. बराच वेळ अडली. आम्ही कुणी सांगितलं नाही. मग तिनं तो शब्द सोडला आणि पुढं गेली, शेवटच्या ओळीपर्यंत.

संगीतानं पदर तोंडाला लावला होता. सर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. पूजा थांबली तेव्हा म्हणाले, "एवढं झालं. बाकीचं पाचवीत." सहापैकी पाच जणांना तसं वाचता आलं. एकाला नाही आलं. त्याचं नाव त्यांनी पाचवीच्या शिक्षकासाठी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि ती चिठ्ठी स्वतः नेऊन पोचवली.

निरोप समारंभ छोटाच झाला. शाल, नारळ, चाटे सरांचं भाषण. सरांनी बोलायला नकार दिला. मुलांना पेढे वाटले आणि मोटरसायकल काढली.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. पुढच्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला, मी एसटीनं पालमला चालले होते. बरंच अंतर गेल्यावर लक्षात आलं की दोन बाकं पुढं, खिडकीला डोकं लावून लवटे सर झोपलेत. तोंड किंचित उघडं, गाडीच्या धक्क्याबरोबर मान हलतेय. मी त्यांना उठवलं नाही. त्यांचा फाटा आला, कंडक्टरनं ओरडून सांगितलं, शेजारच्या बाईनं हलवलं, तेव्हा ते दचकून उठले आणि पिशवी घेऊन उतरले. उतरल्यावर मी त्यांना दिसले. ते खिडकीखाली आले.

"कुठं, मॅडम?"

"पालमला, सर. प्रशिक्षण आहे."

त्यांनी कशाचं ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जेवण देतेत का?"

"देतात."

"मग सावकाश जेवून घ्या. घाई करू नका."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी निघाली. फाट्यापासून त्यांचं घर फारतर एक किलोमीटर असेल. मी मान वळवून पाहिलं. ते घराकडं निघाले नव्हते. रस्त्याकडेच्या लिंबाखाली पिशवी उशाला घेऊन, रुमाल तोंडावर टाकून ते आडवे होत होते, आणि त्या भर दुपारी त्यांना उठवायला तिथं कुणी नव्हतं.